पहिली पंचवीस मिनिटं पाहिली आणि पोरं उठून गेली

प्रश्न : वसमत तालुक्यातल्या आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये मी अभ्यासिका चालवतो. तीस-पस्तीस पोरं सैन्य आणि पोलीस भरतीची तयारी करतात. दर शनिवारी रात्री एखादा युद्धपट दाखवायचं ठरवलं. ‘बॉर्डर’, ‘उरी’, ‘शेरशाह’ सगळ्यांचे मोबाईलवर पाहून झालेत, म्हणून ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ लावला. समुद्रकिनाऱ्यावरची लढाई चालू होती तोवर कुणी जागचं हललं नाही. ती संपली, अन् तासाभरात निम्मी पोरं उठून गेली. आवाजाचाही घोळ झाला. गोळीबारानं पत्रे हादरायचे, पण बोललेलं काहीच ऐकू यायचं नाही. पोरांना असे चित्रपट पेलत नाहीत का? काय दाखवावं, कसं दाखवावं? आणि काही युद्धपट वर्षानुवर्षं डोक्यातून जात नाहीत, ते कशामुळं? गावातल्या माजी सैनिकांना बोलवावं का? — एक अभ्यासिकाचालक

उत्तर : पोरांना बोल लावू नका. किनाऱ्यावरची लढाई संपल्यावर त्या चित्रपटात काय होतं ते आठवा. कार्यालयात टाइपरायटर खडखडत असतात. एकाच आईच्या तीन मुलांच्या मृत्यूची पत्रं निघताहेत, हे तिथल्या एका बाईच्या लक्षात येतं. गोष्ट वरपर्यंत जाते आणि हुकूम सुटतो, चौथ्या भावाला शोधून घरी पाठवा. पुढं दोन तास आठ माणसं फ्रान्समधून चालतात ती या एका हुकमापायी. हे सगळं इंग्रजी बोलण्यातून कळतं, आणि नेमकं बोलणंच तुमच्या हॉलमध्ये ऐकू येत नव्हतं. हुकूम निसटला की उरतात चिखलातून चालणारी आठ अनोळखी माणसं. त्यात चित्रपट १६९ मिनिटांचा आणि मध्ये विश्रांती नाही. एवढ्यावर निम्मी पोरं बसून राहिली, हेच खूप झालं.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. बघणाऱ्याला तीन गोष्टी माहीत असतील तर लढाई डोक्यात राहते. आपण कुठं उभे आहोत, काय करायचंय आणि कधीपर्यंत टिकायचंय. या तिन्ही गोष्टी पहिल्या अर्ध्या तासात पक्क्या झाल्या की पुढची प्रत्येक गोळी कुणाला तरी लागते. त्या कळल्या नाहीत तर कितीही दारूगोळा उडवा, दिवाळी होते.

पोरांच्या ओळखीच्या ‘बॉर्डर’वर हे तपासून बघा. ४ डिसेंबर १९७१ ची रात्र, राजस्थानातलं लोंगेवाला ठाणं, मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या हाताखाली २३ पंजाब पलटणीचे सुमारे १२० जवान. समोरून रणगाडे येताहेत. जैसलमेरच्या तळावर हंटर विमानं उभी आहेत, पण रात्रीच्या अंधारात हल्ला करण्याची त्यांची सोय नाही. म्हणजे काम एकच, उजाडेपर्यंत ठाणं सोडायचं नाही. कितीही गाणी आली आणि कितीही आरडाओरडा झाला, तरी बघणारा मनात सूर्य उगवायची वाट बघत असतो. हे घड्याळ पटकथा लिहिणाऱ्याला आयतं मिळालं आणि त्यानं ते सोडलं नाही. ‘पावनखिंड’मध्येही तेच. राजे विशाळगडावर पोचल्याच्या तोफा होईपर्यंत खिंड सोडायची नाही, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं, आणि तरी तोफेच्या आवाजासाठी कान टवकारलेले असतात. याउलट ‘एलओसी कारगिल’ बघा. सव्वाचार तासांचा, तळमळीनं केलेला चित्रपट. पण इतक्या पलटणी आणि इतकी शिखरं की कोण कुठं चढतंय याचा पत्ता लागत नाही. म्हणून त्यातले चेहरे आठवतात, लढाया एकमेकींत मिसळतात.

‘बॉर्डर’ची एक गोष्ट भरतीच्या पोरांना आवर्जून सांगा. चित्रपटात आपल्या बाजूची बरीच माणसं पडतात. प्रत्यक्षात लोंगेवालाच्या त्या लढाईत भारताचे दोन जवान शहीद झाले. इतक्या कमी हानीत ठाणं राखलं, ही खरी थक्क करणारी बाब आहे. पडद्यावर मात्र ती फिकी वाटेल असं निर्मात्यांना वाटलं असावं.

पहिल्या शनिवारी नवा चित्रपट लावूच नका. ‘बॉर्डर’चा रात्रीच्या हल्ल्यापासूनचा भाग दाखवा आणि प्रत्येकाला कागदावर तीन शब्द लिहायला सांगा, कुठं, काय, कधीपर्यंत. मग तेच तीन शब्द नळदुर्गला लावा. १३ सप्टेंबर १९४८, हैदराबादवरच्या पोलीस कारवाईचा पहिला दिवस. सोलापूरकडून निघालेल्या भारतीय फौजेला वाटेतला बोरी नदीवरचा पूल शाबूत हवा होता, नाहीतर मागची सगळी वाहनं अडकली असती. झडप इतक्या वेगानं घातली की पूल जसाच्या तसा हाती आला. तुळजापूरहून नळदुर्गला गेलेली दोन-चार पोरं तुमच्याकडं नक्की असतील. त्यांना फळ्यावर नदी, पूल, किल्ला आणि रस्ता काढायला लावा. ज्याला हा नकाशा काढता आला त्याला पुढं कुठलाही युद्धपट परका वाटणार नाही.

दुसऱ्या शनिवारी ‘द गाझी अटॅक’. हिंदीत आहे, त्यामुळं भाषेची अडचण नाही, आणि जवळपास सगळी गोष्ट पाणबुडीच्या पोटात घडते, त्यामुळं नकाशाचीही नाही. वर समुद्र, खाली तळ, मध्ये माणसं. पाणबुडीच्या चित्रपटाची ताकद वाट बघण्यात असते. शत्रू दिसत नाही, ऐकू येतो; खोली दाखवणारा काटा खाली सरकतो आणि लोखंड कुरकुरायला लागतं. या प्रकारात सगळ्यात वरचा चित्रपट जर्मन ‘दास बूट’ (१९८१), पण तो अडीच तासांचा आहे, तेव्हा सहा महिन्यांनी बघू. ‘गाझी’बद्दल एक खुलासा मात्र करा. पाकिस्तानची गाझी पाणबुडी डिसेंबर १९७१ मध्ये विशाखापट्टणमजवळ बुडाली हे खरं, पण ती कशामुळं बुडाली यावर दोन्ही देशांचं म्हणणं वेगळं आहे. चित्रपटातली झुंज ही रचलेली गोष्ट आहे.

तिसऱ्या शनिवारचा चित्रपट या सगळ्यांत माझ्या मते मोलाचा, आणि पोरं त्याला नाकं मुरडण्याची शक्यताही सगळ्यात जास्त. ‘बॅलड ऑफ अ सोल्जर’, १९५९ चा, रशियन, कृष्णधवल, ८८ मिनिटांचा. एकोणीस वर्षांचा अल्योशा जीव मुठीत धरून पळता पळता दोन रणगाडे निकामी करतो. शेतातून रणगाडा त्याच्यामागं लागतो तेव्हा कॅमेरा उलटा होतो, जमीन वर आणि आभाळ खाली. सेनापती त्याला पदक द्यायला निघतो, तर हा म्हणतो, पदकाऐवजी घरी जाऊ द्या, आईच्या घराचं छप्पर गळतंय. सहा दिवसांची रजा मिळते. दोन जायला, दोन छपराला, दोन परत यायला. हे झालं घड्याळ. वाटेत तो प्रत्येकाच्या मदतीला थांबतो आणि दिवस गळत जातात. तो युद्धावरून परत येणार नाही, हे चित्रपटाच्या सुरुवातीलाच सांगून टाकलंय. तरीही आपण मनातल्या मनात त्याला ‘अरे, आता थांबू नकोस’ म्हणत राहतो.

यातल्या साबणाच्या दोन वड्यांकडं पोरांचं लक्ष वेधा. एक अनोळखी सैनिक आपल्या बायकोला द्या म्हणून त्या अल्योशाच्या हाती देतो. युद्धाच्या टंचाईत साबण म्हणजे चैन. तिच्या घरी पोचल्यावर अल्योशाच्या लक्षात येतं की ती दुसऱ्या पुरुषाबरोबर राहतेय. तो वड्या देऊन बाहेर पडतो, जिना उतरतो आणि परत वर जातो. टेबलावरच्या वड्या उचलतो आणि त्या सैनिकाच्या म्हाताऱ्या वडिलांना नेऊन देतो. भाषण नाही, भांडण नाही. पंधरा वर्षांनी पोरांना रणगाडे आठवणार नाहीत, साबण आठवेल.

आता भाषेचं. ‘बॅलड’ बनवणाऱ्या मोसफिल्म या रशियन स्टुडिओनं आपले जुने चित्रपट यूट्यूबवर स्वतःच ठेवलेत, इंग्रजी उपशीर्षकांसह. तुमच्या पोरांना इंग्रजी वाचता वाचता बघणं जमणार नाही. दोन मार्ग आहेत. मराठी उपशीर्षकं स्वतः बनवा. ‘सबटायटल एडिट’ हा फुकट प्रोग्राम आहे. एका वेळी दोनच ओळी, ओळीत चाळीसच्या आत अक्षरं, आणि फाईल जतन करताना ‘यूटीएफ-आठ’ निवडायचं. ते विसरलात की देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात. दीड तासाच्या चित्रपटाला पाचशे ते आठशे उपशीर्षकं लागतात, म्हणजे दोघांचं आठवडाभराचं काम. दुसरा मार्ग सोपा, आणि खेड्यात तो जास्त चालतो. एकानं माइकवर मराठीत वाचायचं. मूळ आवाज थोडा खाली, वाचणारा मूळ बोलण्याच्या सेकंदभर मागं, सगळ्या पात्रांसाठी एकच सपाट आवाज. नाटक करायला लागला की लोक हसतात. वाक्यांना क्रमांक घाला, शेजारी वेळ लिहा आणि निदान दोनदा तालीम करा. तालीम न करता बसलात तर विसाव्या मिनिटाला वाचणारा तीन वाक्यं मागं पडतो आणि मग त्याला सापडत नाही.

चौथ्या शनिवारी ‘डंकर्क’, फ्रान्सच्या किनाऱ्यावर अडकलेल्या दोस्त फौजेच्या सुटकेचा. १०६ मिनिटं आणि बोलणं फार कमी. यात गोंधळ होतो तो काळाचा. तीन गोष्टी शेजारी शेजारी चालतात पण त्यांची लांबी वेगळी, म्हणून एकाच माणसाला आपण आधी भेदरलेला बघतो आणि नंतर धडधाकट. सुरू करण्याआधी फळ्यावर लिहा : बंदरातला धक्का – आठवडा, होडी – दिवस, विमान – तास. एवढं पुरतं. घड्याळ इथं अक्षरशः ऐकू येतं, संगीतात टिकटिक मिसळलीय. पण माझं लक्ष नेहमी वैमानिकाच्या खडूकडं जातं. त्याच्या विमानाचा इंधनाचा काटा फुटतो. मग तो सोबतच्या वैमानिकाला विचारून, अंदाज बांधून, खडूनं आकडे लिहीत राहतो. परत फिरण्याइतकं इंधन उरलंय का, हे त्या आकड्यांवरून आपणही मोजायला लागतो. २६ मे ते ४ जून १९४० या काळात तीन लाख अडतीस हजारांवर सैनिक तिथून सोडवले गेले. फ्रान्समधल्या त्या फौजेत भारतीय खेचर-तुकड्याही होत्या. चित्रपटात त्या कुठंच दिसत नाहीत. पोरांना हे सांगायलाच हवं.

पाचवा ‘१९१७’, पहिल्या महायुद्धातला. दोन सैनिकांनी निरोप पोचवायचा आणि हल्ला थांबवायचा, नाहीतर सोळाशे माणसं सापळ्यात. कुठं-काय-कधीपर्यंत इतकं स्वच्छ मांडलेला दुसरा चित्रपट चटकन आठवत नाही. सगळं एका सलग दृश्यात घेतल्यासारखं वाटतं, पण जोड आहेत. अंधारं दार, खांब, एखाद्याची पाठ असं काही कॅमेऱ्यासमोरून गेलं की तिथं जोड लपवलेला असण्याची शक्यता. पोरांना हे शोधायला लावा, पण दुसऱ्या वेळी. पहिल्यांदा नुसतं बघू द्या.

‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ टाकून देऊ नका. त्याची पहिली पंचवीस मिनिटं पाठ म्हणून वापरा. तिथली माती आणि पाणी डोळ्यांना इतकं का टोचतं? साधारणपणे कॅमेऱ्याचं शटर (प्रकाश आत सोडणारी फिरती चकती) १८० अंश उघडं ठेवतात, म्हणजे सेकंदाला चोवीस चित्रं घेताना प्रत्येक चित्राला सेकंदाचा सुमारे अठ्ठेचाळिसावा भाग प्रकाश मिळतो आणि पळणारी वस्तू किंचित पुसट उमटते. डोळ्याला ते गुळगुळीत वाटतं. इथं छायालेखक यानुश कामिन्स्की यांनी शटर ९० आणि ४५ अंशांवर आणलं. पुसटपणा गेला, उडालेला प्रत्येक खडा सुटा दिसायला लागला आणि हालचाल झटके खात चालली. हे तुमच्या शिवारात करून बघता येतं. ज्या मोबाईलमध्ये प्रो व्हिडिओ आहे तो घ्या, वेग चोवीस किंवा पंचवीसवर ठेवा आणि नांगरलेल्या रानातून पळणाऱ्या पोराचं एकदा एक-पन्नासांश आणि एकदा एक-दोनशांश शटरवर चित्रण करा. ढेकळं उडतील एवढं पळायला लावा. भर दुपारी करू नका. मोबाईलला प्रकाश आवरता येत नाही आणि एक-पन्नासांशचं चित्र पांढरंफटक येतं. आयएसओ (प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) सगळ्यात खाली, दिवस कलल्यावर. दोन्ही तुकडे हॉलमध्ये पाठोपाठ दाखवा. फरक सांगावा लागणार नाही. त्या लढाईत पार्श्वसंगीतही नाही, हेही कानावर घाला.

एका चित्रपटाबद्दल सावध करतो, कारण कुणीतरी तो सुचवेलच. ‘कम अँड सी’ (१९८५), बेलारूसमधली गावं माणसांसकट जाळली त्याबद्दलचा. बाँब पडल्यावर मुलाच्या कानात घुमणारी शिट्टी आपल्याही कानात तशीच घुमत राहते. चित्रपट थोर आहे, पण अठराच्या खालच्या पोरांना तो दाखवू नका, आणि मोठ्यांनाही आधी सांगून दाखवा. त्या रात्री दुसरा कार्यक्रम ठेवू नका.

आवाजाचा घोळ का झाला ते आता. असे चित्रपट सहा वाहिन्यांच्या आवाजात येतात आणि बोलणं बहुतेक मधल्या वाहिनीत असतं. तुमच्याकडं डावा आणि उजवा असे दोनच बॉक्स असणार, त्यामुळं मधली वाहिनी वाऱ्यावर गेली. प्लेअरमध्ये आवाज ‘स्टीरिओ’वर आणा. व्हीएलसी वापरत असाल तर ‘टूल्स’मधल्या ‘इफेक्ट्स अँड फिल्टर्स’मध्ये ‘कॉम्प्रेसर’ चालू करा, म्हणजे स्फोट दबतात आणि कुजबुज वर येते. बॉक्स पडद्याच्या दोन्ही बाजूंना ठेवा, चार कोपऱ्यांत नको. डीजेचा बास काढून टाका, पत्रे त्यानंच थरथरतात. उघड्या भिंतींवर सतरंज्या किंवा गोधड्या टांगा. पत्र्याच्या हॉलमध्ये पावसाच्या रात्री कार्यक्रमच ठेवू नये, कुठल्याही बॉक्सचा तिथं निभाव लागत नाही.

प्रोजेक्टर भाड्यानं घ्या आणि खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. ‘एन्सी लुमेन्स’, म्हणजे ठरलेल्या पद्धतीनं मोजलेला उजेड, किती ते विचारा. १२० इंची पडद्याला, म्हणजे पावणेनऊ फूट रुंदीला, अंधाऱ्या हॉलमध्ये तीन हजार पुरतात. युद्धपटात निम्मी दृश्यं रात्रीची असतात, म्हणून खिडक्यांना काळं कापड लावायलाच हवं. चकचकीत फ्लेक्सपेक्षा मॅट पांढऱ्या रंगाची भिंत बरी. पोरं सतरंजीवर बसणार असतील तर पडद्याची खालची कड जमिनीपासून तीन फुटांवर ठेवा, नाहीतर पुढच्यांच्या डोक्यांनी उपशीर्षकं झाकतात. लग्नवाल्यांची एलईडी वॉल मिळत असेल तर उजेड एकदम खाली आणा, आणि पी-४ वॉल (ठिपक्यांत चार मिलिमीटर अंतर असलेली) असल्यास पहिली रांग निदान तेरा फूट मागं. वीज जाणार हे धरून चला. दीडशे एएचची एक चांगली बॅटरी प्रोजेक्टर, लॅपटॉप आणि छोटा ॲम्प्लिफायर मिळून दोन-सव्वादोन तास ओढते. ‘डंकर्क’ आणि ‘१९१७’ त्यात बसतात, ‘रायन’ बसत नाही.

आता हॉलच्या दारांचं, आणि हे गमतीनं सांगत नाही. १३ जून १९९७ ला दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात आग लागली, तेव्हा पडद्यावर ‘बॉर्डर’च चालू होता. ५९ माणसं गेली, मुख्यतः धुरानं गुदमरून; बाल्कनीतल्या जादा खुर्च्यांनी बाहेर पडायची वाट अडली होती. तुमच्या हॉलची दोन्ही दारं उघडी ठेवा, बाहेरून कडी घालू नका, दाराच्या वाटेत सतरंजी अंथरू नका, आणि बॅटरी व वायरी लोकांच्या पायांत येणार नाहीत अशा ठेवा.

परवानगीचं थोडक्यात. ओटीटीचं सदस्यत्व घरात बघण्यासाठी असतं. गावात सार्वजनिक दाखवायचं तर हक्कदाराची लेखी परवानगी लागते, तिकीट नसलं तरी. जवळच्या शहरातल्या फिल्म सोसायटीला धरा, हा पत्रव्यवहार त्यांच्या हातचा मळ असतो. चित्रपटाचं सेन्सॉर प्रमाणपत्रही बघून घ्या, तुमच्याकडं सतरा वर्षांची पोरंही असतील.

माजी सैनिकांना जरूर बोलवा, पण चित्रपटाआधी भाषणाला नको. संपल्यावर, चहा झाल्यावर, आणि ‘तुम्हाला कसं वाटलं’ असं मोघम विचारू नका. पाठीवर किती वजन असायचं, ओले मोजे कुठं वाळवायचे, पहाऱ्यावर झोप आवरायला काय करायचे, घरचं पत्र किती दिवसांनी यायचं, असं विचारा. चित्रपटात काय खोटं होतं, हेही विचारा; त्यावर ते भरभरून बोलतात. एखाद्यानं कारगिलची किंवा श्रीलंकेतली लढाई पाहिली असेल तर कुठला चित्रपट लावणार आहात हे त्यांच्या घरी जाऊन आधी सांगा, आणि त्यांनी येत नाही म्हटलं तर दुसऱ्यांदा आग्रह करू नका.